उभी वाटणी

आमच्याकडे जमिनीची वाटणी उभी करतात. म्हणजे काय, ते आधी सांगते, कारण शहरातल्या माणसाला वाटतं की वाटणी ती वाटणी, तिच्यात उभं काय नि आडवं काय. माझ्या सासरचं रान उतारावर होतं. वर माळाला लागून मुरमाड, बोटभर माती नि खाली दगड. मधे भुरकी जमीन. आणि अगदी खाली, ओढ्याच्या अंगाला, काळीभोर, खोल जमीन. असं रान दोन भावांनी आडवं वाटून घेतलं तर एकाच्या वाट्याला सगळा मुरूम येतो आणि दुसऱ्याला सगळी काळी. तो अन्याय. म्हणून माळापासून ओढ्यापर्यंत, वरून खाली, सरळ रेघ ओढायची. दोघांनाही थोडा मुरूम, थोडी भुरकी, थोडी काळी. पंचांनी आमच्या घराला असाच न्याय दिला, पानसुपारी खाल्ली, आणि सगळं गाव म्हणालं की वाटणी व्हावी तर अशी. त्या न्यायानं आमचं रान घालवलं.

हे मी रागानं लिहिते आहे. राग गिळायचं वय होतं तेव्हा पुष्कळ गिळला. ज्यांच्याविषयी लिहिते ती माणसं कधीच गेली. नवऱ्याला आणि थोरल्या दिराला मी इथं अरे-तुरे करणार आहे. हयातभर एकाला ‘अहो’ म्हटलं आणि दुसऱ्याशी तर एकदा सोडून बोललेच नाही, एवढा मान त्या दोघांना पुरे झाला. बोलले नाही म्हणजे भांडण होतं म्हणून नव्हे. धाकट्या सुनेनं थोरल्या दिराशी बोलायचं नाही, त्याच्यासमोर पदर कपाळाखाली ओढायचा, अशी रीतच होती. काही सांगायचंच झालं तर लेकराला किंवा भिंतीला उद्देशून सांगायचं. “भाऊजींना म्हणावं, जेवण झालंय,” असं मी कित्येकदा उंबऱ्याला सांगितलं आहे.

मी त्या घरात आले तेव्हा लढाई चालू होती. घासलेट मिळत नव्हतं, लेव्हीची ज्वारी सरकार खळ्यावरूनच उचलत होतं, आणि श्रीगोंद्याच्या बाजारात कापडासाठी रांगा लागत होत्या. माहेरी मी चौथीपर्यंत शिकले होते. सासूला त्याची गंमत वाटायची. सासरा जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि घरदार, रान, दोन मुलगे सगळं तिच्याच मुठीत होतं. मी पोथीतलं काही वाचून दाखवलं की ती ऐकायची, मान डोलवायची आणि शेवटी म्हणायची, “सूनबाई शिकल्याली हाय. पर पाऊस वाचाया शिकवत न्हाईत का गं साळंत?”

पाऊस वाचायला तिनं शिकवलं. एका दुपारी पाऊस लागलेला असतानाच तिनं मला रानात नेलं. आधी मटकीच्या वेलात उभी केली, मग शेजारच्या नांगरलेल्या उघड्या जमिनीत. घरी आल्यावर म्हणाली, “आता नडग्या बघ.” मटकीत उभी होते तेव्हा पाय स्वच्छ राहिले होते. उघड्या रानात मात्र चिखलाचे शिंतोडे पार गुडघ्यापर्यंत उडाले होते. “थेंब ढेकळाला मारतोय,” ती म्हणाली, “माती उडती. उडाली की तिला घर राहत न्हाई. पाणी जाईल तिकडं जाती.” मग तिनं दाखवलं की पावसानं झोडलेल्या जमिनीवर साय धरल्यासारखा चिखलाचा पापुद्रा येतो, त्यातून पाणी आत मुरत नाही, आणि न मुरलेलं पाणी उताराला लागलं की माती घेऊनच लागतं. वेलाच्या पानांनी थेंब अंगावर घेतला तर हे काहीच होत नाही.

पण आमची काळी तर पावसाळाभर उघडीच ठेवावी लागायची. आमचं पीक रब्बीची ज्वारी. ती पेरायची पाऊस सरता सरता, हस्ताच्या आगेमागे. तोवर रान नांगरून, कुळवून, तण काढून तयार ठेवायचं, म्हणजे ऐन पावसात ते उघडंबोडकं. म्हणून सासू-सासऱ्यांनी तरुणपणी ताली घातल्या होत्या. ताल म्हणजे उताराला आडवा घातलेला दगडमातीचा जाड बांध. एक वर मुरमाला, एक मधे, आणि सगळ्यात मोठी खाली ओढ्याच्या तोंडाला. वरून येणारं पाणी तालीपाशी थांबायचं, माती खाली बसायची, आणि जास्तीचं पाणी तालीच्या एका टोकाला ठेवलेल्या सांडव्यातून, दगडांच्या पायऱ्यांवरून, मुकाट ओढ्यात उतरायचं. खालची सगळी काळी म्हणजे त्या तालीनं वर्षानुवर्षं धरलेली माती. देवानं दिलेली नव्हती ती. सासूच्या डोक्याला पाटीनं टक्कल पडलं होतं, ते ती माती वाहूनच.

त्या घराचा एक नियम होता. पाऊस उघडला की आधी ताल, मग भाकरी. कितीही भूक लागलेली असो, सगळ्यांनी खोरं-पाटी घेऊन तालीवरून एक चक्कर मारायची. उंदराचं बीळ, खेकड्याचं बीळ, खचलेला दगड, जे दिसेल ते तिथल्या तिथं बुजवायचं. तालीवरचं गवत कापायचं नाही, शेळी चढू द्यायची नाही, घायपाताला हात लावायचा नाही. नांगर नेहमी आडवा धरायचा, म्हणजे नांगराचं प्रत्येक तास पाण्याला अडवतं. माझा नवरा नि थोरला दीर तेव्हा एकाच औतामागे चालायचे आणि मधे दमले की एकाच चंचीतली तंबाखू खायचे. हे मी पाहिलेलं आहे, म्हणून पुढचं जास्त झोंबतं.

पहिल्याच वर्षी माझ्या हातून लोणच्याची बरणी फुटली. तपकिरी गळ्याची पांढरी बरणी, सासऱ्यानं नगरहून आणलेली. मग खापऱ्या उकिरड्यावर गेल्या, आणि उकिरडा त्या उन्हाळ्यात खताच्या गाडीतून खालच्या काळीत गेला. पुढं नांगरताना, खुरपताना एखादी खापरी वर आली की सासू लांबून ओरडायची, “तुझी बरणी आली गं!” बाया हसायच्या. मी खापरी परत मातीत दाबून टाकायची.

सासू गेली ती दोन दिवसांच्या तापानं. शेवटचं शुद्धीवर बोलली ते माझ्याशी. मला वाटलं होतं डबोलं कुठं पुरलंय ते सांगेल. म्हणाली, “खालच्या तालीवर ध्यान ठेव. ती हाय तवर कुणापुढं हात पसरायला लागायचं न्हाई.”

वर्षश्राद्ध झालं आणि भाऊ वेगळे झाले. कारण एक बैल. तो कुणी जास्त जुंपला, कुणी त्याला चारा कमी घातला, कुणाच्या बायकोनं कुणाच्या बायकोला काय म्हटलं. मी त्यात नव्हते असं म्हणणार नाही, पण वेगळं व्हायला बैल नसता तर म्हैस सापडली असती. पंच बसले. उभी रेघ ओढली. रेघेवर वरपासून खालपर्यंत दगड रोवले. त्या रेघेनं तिन्ही ताली मधोमध चिरल्या. सांडवा गेला थोरल्याच्या अंगाला. खालच्या तालीतली सगळ्यात खोलगट जागा, जिथं पूर्वी ओहोळ वाहायचा आणि जिथं पाण्याचा सगळा भार पडायचा, ती आली नेमकी शिवेवर.

पहिल्या पावसाळ्याच्या आधीच बिघडायला लागलं. वाटे झाले लांबच लांब नि अरुंद. आडवं नांगरायचं म्हटलं तर चार पावलं गेली की बैल वळवायचे, वळवताना भावाच्या हद्दीत पाय पडायचा, आणि पाय पडला की तोंड सुरू. नवऱ्यानं नांगर उभा धरला, माळाकडून ओढ्याकडे. मी म्हटलं, “आवो, आत्याबाई कधी उभं नांगरू देत नव्हत्या.”

“आई हुती तवा रान रुंद हुतं,” तो म्हणाला. “आता औत काय तुझ्या टकुऱ्यावर फिरवू?”

थोरल्यानंही तेच केलं. प्रत्येक तास म्हणजे पाण्याला खाली उतरायला केलेली वाट. शिवेची रेघ ठळक दिसावी म्हणून दोघांनीही आपापल्या अंगानं तिच्या कडेला एकेक खोल सरी मारली. पहिल्या मोठ्या पावसात त्या दोन सऱ्या मिळून एक ओघळ झाला. पुढच्या पावसाळ्यात त्यात मी कमरेपर्यंत उभी राहिले. दोघं भाऊ त्या घळीच्या दोन काठांवर उभे राहून एकमेकांना म्हणायचे की तुझ्या नांगरानं झाली. वरची ताल त्या घळीनं कापली, मग मधली. कुणी बुजवल्या नाहीत. तुटलेला भाग निम्मा ह्याचा, निम्मा त्याचा. ह्यानं आपला निम्मा बुजवला तर त्याच्या निम्म्यातून पाणी जाणारच होतं, मग ह्यानं तरी कष्ट का करावेत, असा दोघांचाही हिशेब.

खालच्या तालीचं तर नवलच. थोरल्याच्या मनात आलं, धाकट्याचं पाणी माझ्या रानातून का म्हणून जावं? त्यानं सांडव्याच्या तोंडात धोंडे रचून तो बंद केला. पाणी तुंबून आमच्याकडे यायला लागलं तेव्हा माझ्या नवऱ्यानं सांडवा उघडायचं भांडण केलं नाही, आपल्या अंगाची ताल हातभर उंच केली. ते बघून थोरल्यानं आपली केली. दोघं उन्हाळाभर घामानं निथळत होते. बघणाऱ्याला वाटावं, काय हे कष्टाळू भाऊ. आणि नेमक्या शिवेवर, जिथं सगळा भार येतो तिथं, दोघांपैकी एकानंही एक पाटी माती टाकली नाही, कारण त्या पाटीतली निम्मी माती दुसऱ्याच्या कामी आली असती. इकडं उंच, तिकडं उंच, आणि मधे खोगिरासारखी बसकी जागा. तिथं खेकड्यांनी बिळं केली. पाऊस उघडला की मी एकटीच खोरं घेऊन जायची आणि आमच्या अंगाचं बीळ बुजवायची. पण बीळ काही शिवेपाशी थांबत नाही. त्याचं दुसरं तोंड थोरल्याच्या हद्दीत निघालेलं असायचं, आणि तिकडं पाय टाकला की जाऊ तिच्या रानातून बघत असायची.

तेवढ्यात सरकारी बंडिंगचा, म्हणजे बांधबंदिस्तीचा, साहेब आला. तिपाईवर दुर्बीण, एक शिपाई, लाल-पांढरी पट्टेरी काठी आणि चुन्याचं घमेलं. साहेब पुण्याकडचा, उन्हानं लालबुंद झालेला, पायांत बूट. दिवसभर दुर्बिणीतून बघून त्यानं रानात चुन्याची एक रेघ मारली. ती नागमोडी होती, कारण ती सपाटी धरून चालली होती, आणि आमच्या शिवेला तर तिनं विचारलंच नव्हतं. साहेबानं भावांना समजावलं: ह्या रेघेवर सलग बांध घाला, घळ भरून काढा, सांडवा एकच ठेवा पण पक्का ठेवा, आणि दोघं मिळून आडवं नांगरा. पीक वाटून घ्या, जमीन वाटू नका. सगळं तो छापील मराठीत म्हणाला, तरी ते सासूचंच होतं. पदराआडून ऐकताना मला त्या माणसाच्या बुटांना हात लावून नमस्कार करावासा वाटला.

“सांडवा कुणाच्या अंगाला?” नवऱ्यानं विचारलं.

“जिथं दुर्बीण दाखवेल तिथं.”

“आन ही वाकडी रेघ माझ्या काळीत जास्त जागा खाती, त्याचं काय?” थोरला म्हणाला.

“व्हय, आन माझ्या भुरकीत,” नवरा म्हणाला.

वाटणीनंतर ते दोघं भाऊ एका बाजूला उभे राहिलेले मी तेवढ्या एकदाच पाहिले. साहेब म्हणाला, दोघांची संमती नसेल तर सक्ती करायला माझ्याकडे वेळ नाही, पुढं पुष्कळ गावं आहेत. पाणी प्यायला आणि गेला. त्याची चुन्याची रेघ काही दिवस रानात दिसत होती. मी त्या रेघेवरून, कुणी बघत नसताना, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालून आले होते. चढ लागला नाही, उतार लागला नाही. मग पावसाच्या एका सरीनं ती धुऊन नेली.

ते वर्ष आलं तेव्हा माझी मुलगी नुकती चालायला लागली होती. हस्त लागला होता. काळी कुळवून लोण्यासारखी केलेली, पेरायची पाभर दारात आणून ठेवलेली, दोन दिवसांत पेरायचं. नवरा बियाणं बघायला श्रीगोंद्याच्या बाजाराला गेला होता. दुपारी असं भाजायला लागलं की कोंबड्या चोची उघडून बसल्या, आणि मग माळाच्या पलीकडून ते आलं. पाऊस म्हणवत नव्हता त्याला. समोरची बाभळ दिसेना. मुलीला शेजारणीकडे टाकलं, पोत्याची खोळ डोक्यावर घेतली, खोरं उचललं आणि निघाले. उघडायची वाट बघितली नाही. सासू असती तर तिनंही बघितली नसती.

वरची माती घळीतून खाली येत होती. पाणी म्हणायचं ते नुसतं नावाला, काळा-भुरका काला होता तो. खालची ताल काठोकाठ भरली होती आणि सांडवा बंद. मी तालीच्या पाठीमागे, ओढ्याच्या अंगाला उतरले. शिवेवर, बसक्या जागेच्या खाली, खेकड्याच्या बिळातून मनगटाएवढी धार येत होती. तालीतून पाणी पाझरलं तरी भ्यायचं नसतं, ते निवळ असेल तर. धार गढूळ असली की समजायचं, ताल आतून चालली. ही धार काळी होती.

थोरला दीर त्याच्या अंगाला, सांडव्यापाशी उभा होता. तोही बघायलाच आला होता. त्याच्याही अंगात त्याच आईचं रक्त. त्यानं हात घालून चार धोंडे बाजूला केले असते तरी सांडवा सुटला असता आणि भार उतरला असता. मी एकीकडं बीळ दाबते, तो दुसरीकडं सांडवा उघडतो, एवढंच काम होतं. मी त्या घरात आल्यापासून त्याच्याशी एक शब्द बोलले नव्हते. त्या दिवशी मी पदरही ओढला नाही. मी मोठ्यानं ओरडले, “भाऊजी! सांडवा उघडा! ताल चालली!”

त्यानं माझ्याकडे बघितलं नाही. ओढ्याकडे तोंड करून, ओढ्यालाच सांगितल्यासारखं म्हणाला, “त्यांना म्हणावं, ज्याच्या अंगाला गळतंय त्यानं बघावं.”

तशा पावसातसुद्धा त्यानं रीत सोडली नाही. भावजयीशी थेट बोलला नाही. मला आजही तेच सगळ्यात जास्त जाळतं. माणूस इतका सभ्य असतो आणि बघता बघता सगळं बुडू देतो.

मी बिळात दगड कोंबले. खोळ कोंबली. खोऱ्यानं माती ओढली, ती हातातच विरघळली. धार मांडीएवढी झाली. मग वरची बसकी जागा खचली, आणि मी जीव घेऊन कडेला उडी मारली. फुटताना ताल मोठा आवाज करील असं मला वाटलं होतं. तसं झालं नाही. एक जड हुंदका आल्यासारखं झालं आणि मग नुसतं पाणी. काळी तिच्या मागोमाग गेली. आधी भोकाभोवतीची, मग कुळवलेली, मग तिच्या खालची, थरावर थर. दोन माणसांनी सगळं तरुणपण घालून धरलेली माती एका दुपारच्या आत ओढ्यात उतरली. थोरल्याच्या अंगाची आमच्यापेक्षा कमी गेली नाही. तो तिथंच उभा होता. पाऊस थांबल्यावर त्यानं सांडव्यातले धोंडे काढले. कशाला काढले, देव जाणे.

पंच पुन्हा आले. ताल कुणाच्या अंगाला फुटली ह्याचा निवाडा करायला. पण शिवेचे दगडच वाहून गेले होते, भगदाड दोन्हीकडं पसरलं होतं, आणि सुरुवात कुठून झाली हे पाहिलेली मी एकटी. मला कुणी विचारलं नाही, आणि थोरल्याला विचारलं तेव्हा तो म्हणाला, आपण लांब होतो. पंच, भाऊ, शेजारी सगळे उघड्या मुरमात उभे राहून तासभर वाद घालत होते. मी घरी गेले.

त्या वर्षी जी ज्वारी पेरली ती गुडघ्याएवढी झाली आणि तिथंच वाळली. कणीस धरलंच नाही. थोरला बायका-मुलांना घेऊन पाटाच्या मुलखात, उसाच्या मळ्यांवर कामाला गेला. माझा नवरा गेला नाही. तो पारावर बसून भावाचा दोष सांगत राहिला. ऐकायला माणसं होती, त्यामुळे त्याचा दिवस जायचा. घरातल्या कणगीत हात घातला की तळ लागायला लागला तेव्हा मी मजुरीला निघाले. कुणाकडे जाते हे त्यानं विचारलं नाही. विचारलं असतं तर लाज वाटावी लागली असती.

मी मास्तरीणबाईंकडे जात होते. वेशीबाहेरच्या वस्तीत आजोबा-पणजोबांच्या वेळी ख्रिस्ती झालेली घरं होती. त्यातलं एक मिशनच्या शाळेतल्या मास्तरांचं. गावानं त्यांच्या वाडवडिलांसाठी जी जमीन ठेवली होती ती आमच्या खाली, ओढ्याच्या वळणावरची, नुसत्या धोंड्यांची पट्टी. कुसळही उगवू नये अशी. मास्तर शाळेतून आले की नवरा-बायको दोघं तिथं जायचे आणि धोंडे वेचून ओढ्याच्या कडेला आडवे रचायचे. वर्षानुवर्षं. आमच्या घरात त्यावर हसायचे. धोंड्यांची ताल घालून धोंडे राखायचे का, म्हणायचे. आमची ताल फुटली त्या दुपारी ते सगळं पाणी त्यांच्या तालीवर जाऊन आदळलं. तिला पक्का सांडवा होता. पाणी गेलं आणि माती राहिली. थंडीत त्या पट्टीत ज्वारी उभी राहिली तेव्हा रस्त्यावरून जाणारी माणसं थांबून तिच्याकडे बघायची.

त्या ज्वारीच्या काढणीला मी गेले. आमच्याकडे ती कापत नाहीत, मुळासकट उपटतात. ताट दोन्ही हातांनी धरून ओढायचं आणि मुळाला आलेलं ढेकूळ पायावर आपटून झाडायचं. मी ढेकूळ हातात घेऊनच ओळखलं. त्या मातीत मी खुरपलं होतं, पेरलं होतं, तिचा वास मला घरच्या माणसासारखा ठाऊक होता. दुपारच्या सुमाराला एक ताट उपटलं, पायावर आपटलं, आणि ढेकळातून एक पांढरी खापरी पडली. तिच्या कडेला तपकिरी पट्टा होता.

मी ती हातात घेऊन तशीच बसले. “तुझी बरणी आली गं” म्हणायला कुणी नव्हतं. मला रडू आलं असतं तर बरं झालं असतं. राग आला. वाटलं, उठावं आणि ओरडावं की ही माती माझ्या सासूची आहे, हे पीक आमचं आहे, मी माझ्याच रानात मजुरी करते आहे.

मास्तरीणबाई शेजारच्या ओळीत होत्या. त्यांनी माझ्या हातातली खापरी बघितली, माझं तोंड बघितलं. दुपारी भाकरी खाताना मी घरून आणलेलंच पाणी पीत होते हेही त्यांनी बघितलं होतं, आणि त्याबद्दल एका शब्दानं बोलल्या नव्हत्या. त्या म्हणाल्या, “माती तुमच्याकडची हाय, मला ठावं हाय. पर धोंडं माझं हायती.”

आवाज चढवून नाही, हिणवून नाही. सांगितलं आणि पुढचं ताट उपटलं. मी खापरी त्याच मातीत दाबली आणि ओळीला लागले.

संध्याकाळी मजुरी म्हणून कणसं मिळाली. बाईंनी हात आखडला नाही, पदर भरला. घरी येऊन मी ती कुटली, पाखडली, दळली आणि भाकरी टाकल्या. कितीतरी दिवसांनी घरात नव्या ज्वारीचा वास आला. मुलीला तुकडा दिला, ती दोन्ही हातांनी धरून खायला लागली. नवरा जेवायला बसला. पहिला घास खाल्ला, दुसरा खाल्ला, आणि खूप दिवसांनी त्याचा चेहरा उजळला.

“गोड हाय गं,” तो म्हणाला. “कुठली ज्वारी?”

“आपल्या खालच्या तालीची,” मी म्हणाले. “मास्तरीणबाईंच्या पट्टीत पिकली.”

त्याचा हात ताटात तसाच थांबला. मग त्यानं ताटातच हात धुतले, ताट पुढं सरकवलं आणि बाहेर जाऊन बसला. ती माती आपली होती हे लागलं म्हणून, की ज्वारी कुणाच्या घरून आली ते कळलं म्हणून, हे मी त्याला कधी विचारलं नाही. ताटाच्या कडेला अर्धी भाकरी कोरडी राहिली होती. ती मी खाल्ली. मला भूक लागली होती.